चित्रकाराची वही



नोकरीपायी मुलूख सोडावा लागला, आता कलेची उपासना कसली घडणार, अशी खंत आपल्यात वारंवार ऐकू येते. तिला उत्तर म्हणून मी चित्रकार प्रभाकर बरवे यांच्याकडे बोट दाखवितो. १९३६ साली नागावला जन्मलेले बरवे जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडून केंद्र सरकारच्या विणकर सेवा केंद्रात रुजू झाले आणि १९६१ साली बनारसला गेले. तेथील तांत्रिक प्रतिमा त्यांच्या चित्रांत उतरल्या. पुढे मुंबईत घड्याळ, पान अशा नित्याच्या वस्तूंनीही त्यांना विषय पुरविले. परंतु त्यांची खरी चित्रशाळा म्हणजे त्यांच्या रोजनिश्या. रेखाटने आणि विचारांची टिपणे त्यांत शेजारी शेजारी नांदतात. त्याच चिंतनातून १९९० साली 'कोरा कॅनव्हास' हा मराठी ग्रंथ सिद्ध झाला. १९९५ साली ते निवर्तले. २०१९ साली मुंबईत भरलेल्या प्रदर्शनात चित्रांबरोबर त्या वह्याही मांडल्या होत्या.

बदलीच्या सामानात वहीला जागा फारशी लागत नाही. ती आपल्या मुलांच्या हाती द्यावी. चित्र भोवतालच्या प्रांताचे असो. त्याखालची ओळ मात्र मराठीत असावी, एवढीच माझी विनंती.