दोन घोड्यांची सायकल

माझ्या वडिलांचं साताऱ्यात सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, वर पत्रा, खाली ऑइलनं काळी झालेली जमीन, पंक्चर शोधायला पाण्यानं भरलेलं घमेलं आणि भिंतीला टेकवलेल्या भाड्याच्या दहा-बारा सायकली. तासाला आठ आणे भाडं. गिऱ्हाईक ओळखीचं असो की नवखं, सायकल हातात देण्याआधी अब्बा दोन्ही ब्रेक स्वतः दाबून बघायचे. रबरं झिजलेली दिसली की ती सायकल बाजूला. उरूस असो, दिवाळी असो, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण ब्रेक नसलेली सायकल दुकानाबाहेर जायची नाही.

मी शाळेतून आलो की दुकानात बसायचो. ओव्हरऑइलिंग, पंक्चर, चाकाची आऊट काढणं, सगळं बघून बघून शिकलो. पण मी मॅट्रिक झालो त्या दिवशी अब्बांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला. म्हणाले, ‘आता पुस्तक धर.’ मी पुस्तक धरलं. बी. ए. झालो, नोकरी लागली, कविता करू लागलो. अब्बा गेले, दुकान गेलं. त्यांच्या पान्यांची पेटी तेवढी गच्चीवरच्या खोलीत राहिली.

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझा भाचा एक जड खोकं घेऊन घरी आला. वय बावीस, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. खोक्यात होती सायकलच्या चाकात बसणारी विजेची मोटर. त्याच्याकडे एक गिअरची सायकल होती, जाड टायरची, डोंगरात चालवतात तसली. तिला ही मोटर बसवायची आणि यवतेश्वरचा घाट मोटारसायकलवाल्यांच्या पुढे जाऊन चढायचा, असा त्याचा बेत. स्वयंपाकघरातून आईनं हाकललं म्हणून त्याला आमची गच्ची हवी होती. आणि मामूही हवे होते. कारण गावात त्या मोटरीवर तारा भरून द्यायला कुणी तयार नव्हतं.

ते साहजिक होतं. आपल्या जुन्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. या मोटरीला ३६ भोकं. शिवाय मोटर ताटाएवढी रुंद, त्यामुळे तिच्यापासून रिमपर्यंतचं अंतर कमी. तारा आखूड लागतात आणि जाडही लागतात. नेहमीच्या चाकात एक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडून जाते. इथे एकीला ओलांडलं की रिम येते. मी अब्बांची पेटी उघडली. सायकल उलटी केली, रिमजवळ खडू धरला आणि चाक फिरवलं. जिथे खडू लागतो तिथे रिम बाहेर आलेली असते. मग समोरची तार कसायची, अलीकडची ढिली करायची, पाव पाव आटा. सगळ्या तारा सारख्या ताणल्या गेल्या की नखानं छेडल्यावर सारख्या वाजतात. दोन संध्याकाळी गेल्या. पस्तीस वर्षांनी बोटांत ऑइल भरलं होतं. भाचा म्हणाला, ‘मामू, तुम्ही कविता कशाला करत बसलात?’ मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

आता या मोटरीच्या ताकदीविषयी थोडं सांगतो. साधा माणूस दमल्याशिवाय बराच वेळ पायडल मारतो तेव्हा त्याच्या पायांतून साधारण शंभर वॅट ताकद निघते. म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. आता हिशेब करा. माणूस आणि सायकल मिळून वजन शंभर किलो. घाटाचा चढ शंभर मीटरला सात मीटर. या चढावर ताशी २० किलोमीटरनं जायचं तर नुसतं वजन वर उचलायला जवळजवळ चारशे वॅट लागतात. म्हणजे चार माणसांचे पाय. म्हणून तर आपण घाटात उतरून सायकल ढकलतो. भाच्याची बॅटरी ५२ व्होल्टची आणि मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर ३० अँपिअरचा. गुणाकार केला तर दीड हजार वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा सायकलच्या चाकात दोन घोडे बांधलेले.

खरं सांगू, मलाही मोह झाला. माझे गुडघे दुखतात. तरुणपणी यवतेश्वरापर्यंत सायकल ढकलत नेणारा मी आता जिना चढताना कठड्याला धरतो. तो घाट पुन्हा सायकलवर बसून चढायचा, या कल्पनेनं माझा शहाणपणा जरा बाजूला सरकला.

चाकात मोटर बसवायची कल्पना नवी नाही, हे वाचून मला आश्चर्य वाटलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ऑग्डेन बोल्टन या माणसाला ३१ डिसेंबर १८९५ रोजी विजेच्या सायकलचं पेटंट मिळालं. त्याचीही मोटर मागच्या चाकातच होती. अडचण बॅटरीची होती. त्याच्या पेटंटात दहा व्होल्टची बॅटरी आहे आणि मोटर शंभर अँपिअरपर्यंत वीज खाणारी. त्या काळच्या शिशाच्या जड बॅटरीतून एवढी वीज किती वेळ मिळणार? बाजारात लिथियम-आयन बॅटरी आली १९९१ साली. ज्यांच्या संशोधनातून ती उभी राहिली त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यामुळे आज साताऱ्यातल्या एका गच्चीवर दोन घोडे उभे राहू शकतात.

पण हे घोडे राहतात कुठे? १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, अशा बोटाएवढ्या सेलमध्ये. एका सेलचा दाब ३.७ व्होल्ट. चौदा सेल एकापुढे एक जोडले की ५२ व्होल्ट होतात. अशा ओळी शेजारी शेजारी जोडल्या की बॅटरी जास्त वेळ पुरते. भाच्यानं पैसे वाचवण्यासाठी लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडून सेल गोळा केले होते. काही बरे, काही थकलेले. थकलेला सेल चांगल्यांबरोबर जोडला की तो आधी रिकामा होतो, आधी भरतो आणि आधी तापतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. त्या बॅटरीची चाचणी म्हणून आम्ही ती चार रात्री चार्ज केली, तीही जिन्यात, कारण प्लग तिथे होता. घरातून बाहेर पडायला तो एकच जिना.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बॅटरी गच्चीवरच्या खोलीत चटईवर उघडी पडली होती. सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्यांवर अजून काही आच्छादन नव्हतं. मी शेजारी बसून चाकाचा नट आवळत होतो. हात घामेजलेला. पाना निसटला आणि दोन पट्ट्यांवर आडवा पडला.

पांढरा लखलखाट झाला. ‘चर्र’ असा आवाज आला आणि पाना तिथेच चिकटला. मी तो ओढायला गेलो आणि अंगठा भाजला. भाच्यानं लाकडी फळीनं पाना उडवला, पण तोवर एक सेल फुसफुसायला लागला होता. घशाला झोंबणारा धूर. त्यानं त्याच फळीनं चटईसकट ते सगळं उघड्या गच्चीवर ढकललं आणि आम्ही दोघं मागे सरलो. एक सेल फुटला, मग त्याच्या शेजारचा, मग आणखी दोन. फटाक्यांसारखे. खाली अम्मी झोपली होती. तिचं वय ब्याऐंशी. आवाज ऐकून तिनं खालूनच विचारलं, ‘आज कुणाची वरात आहे रे?’ मला उत्तर देता येईना. हेच चार रात्रींपूर्वी जिन्यात झालं असतं तर तिला मी कुठून बाहेर काढलं असतं, एवढंच डोक्यात होतं.

५२ व्होल्ट म्हणजे घरातल्या विजेच्या पाव भागाहूनही कमी. त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. पण लोखंडाचा तुकडा आडवा पडला की या बॅटरीतून क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. आणि एक सेल पेटला की तो शेजारच्याला तापवतो. आतली रसायनंच प्राणवायू सोडतात, म्हणून वरून झाकलं तरी ती आग सहजासहजी विझत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्या देशात विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्यानंतर सरकारनं त्या गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या चाचण्या कडक केल्या. आमच्या गच्चीवर चाचणी घ्यायला कोण येणार होतं?

त्या रात्री मामा-भाच्याचं भांडण झालं. मी म्हणालो, हा उद्योग बंद. तो म्हणाला, ‘मामू, पाना तुमच्या हातातून पडला.’ ते खरंच होतं. आठ दिवस तो आला नाही. या आठ दिवसांत मी कायदा वाचला. आपल्याकडे मोटर पाव किलोवॅटच्या आत असेल, म्हणजे अडीचशे वॅटला पोचत नसेल, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल आणि सरकारमान्य चाचणी संस्थेनं तसं प्रमाणित केलं असेल, तरच ती गाडी मोटार वाहन धरली जात नाही. पुण्यात टेकडीवर एआरएआय आहे, ती अशीच एक संस्था. त्यापुढे गेलात की नोंदणी, विमा, परवाना, सगळं आलं. आमची सायकल या मर्यादेच्या सहापट. तिला नंबर प्लेट कुठून मिळणार? आणि घाटात समोरून एसटी आली, एखादं पोर आडवं आलं, तर जबाबदार कोण?

नवव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याला म्हणालो, ‘सायकल पुरी करू. पण रस्त्यावर न्यायची नाही. आणि मोटरला हात लावायच्या आधी ब्रेक.’ तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘ब्रेकचं मी शेवटी बघणार होतो.’

ब्रेकचं सगळेच शेवटी बघतात. वेग दुप्पट झाला की सायकल थांबवायचं काम दुप्पट नाही, चौपट होतं. ताशी २५ वरून थांबायला जी जागा लागते तिच्या चौपट जागा ५० वरून लागते. चढताना बॅटरीनं जी ताकद दिली ती उतरताना ब्रेकमध्येच जिरवावी लागते, आणि ब्रेक तापतात. म्हणून तारेचे ब्रेक काढून तेलावर चालणारे डिस्क ब्रेक बसवले. ब्रेकच्या दांड्यात छोटा स्विच घातला. ब्रेक दाबला की मोटरची वीज आधी बंद. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा स्वतःच्या आसाला उलटं फिरवू बघते. अॅल्युमिनियमच्या चिमट्याला तो पीळ सोसत नाही, खाच रुंद होते आणि चाक निसटू शकतं. म्हणून दोन्ही बाजूंनी आसाला घट्ट धरणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या बसवल्या.

बॅटरी नवी केली. एकाच कंपनीचे, एकाच खेपेचे ८४ सेल, वजन चार किलोच्या आसपास. पट्ट्या जोडायचं काम यंत्र असलेल्या जाणत्या माणसाकडून करून घेतलं. प्रत्येक गटावर नजर ठेवणारं आणि गरज पडली की वीज तोडणारं सर्किट बसवलं. फ्यूज घातला, सगळ्यावर आच्छादन चढवलं. पूर्ण चार्ज करायला एक युनिटही पुरेसं होतं. पण चार्जिंग गच्चीवर, दिवसा, कुणीतरी जागेवर असतानाच. जुने सेल कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे दिले.

कोरेगावच्या बाजूला माझ्या मित्राची चढावरची शेती आहे. स्वतःची जमीन, स्वतःची गाडीवाट, वर विहीर. दिवाळीनंतर एका रविवारी सायकल टेम्पोत घालून तिथे नेली. आधी भाच्यानं पंचवीस वेळा नुसती चालवून थांबवली. मग माझी पाळी. कंट्रोलर त्यानं पाचशे वॅटवर बांधून दिला होता. मी पायडल मारलं आणि पाठीमागून कुणीतरी सीटला धरून ढकलतंय असं वाटलं. लहानपणी सायकल शिकवताना अब्बा ढकलायचे तसं. विहिरीपर्यंत पोचलो तेव्हा धाप लागली नव्हती. गुडघेही गप्प होते.

यवतेश्वरचा घाट राहिला. तो या सायकलवर आम्ही चढणार नाही. भाचा आता एक नियमात बसणारी, प्रमाणित सायकल बघतोय. तिचा वेग मोटारसायकलवाल्यांना हसण्याएवढा आहे, हे तो स्वतःच हसत सांगतो.

त्या दिवशी खाली उतरलो. भाच्याला सायकल द्यायच्या आधी मी दोन्ही ब्रेक दाबून बघितले.

‘मामू, मी तपासलेत,’ तो म्हणाला.

‘असू दे,’ म्हटलं आणि पुन्हा एकदा दाबले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित पाठ)