हरकत घ्यायची ती लेखी

'हरकत' हा मूळ अरबी शब्द. अर्थ हालचाल. मराठीत येऊन तो आक्षेप झाला. गावाशेजारी टाउनशिप यायची म्हटली, की मला दोन्ही अर्थ हवेसे वाटतात. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेने अशा प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले. मग हाती उरते, शेतीचा पट्टा निवासी करताना १९६६ च्या नगररचना कायद्याखाली निघणारी 'हरकती व सूचना' मागवणारी नोटीस. ती गट नंबरांत बोलते. गावकरी त्याच जमिनीला पाणंद, ओढा, स्मशान, कब्रस्तान म्हणतात. आपली वाट चालली, हे त्या आकड्यांवरून कुणाला उमगावे? तेव्हा नोटीस नकाशासह ग्रामसभेत वाचा, गट नंबरापुढे गावातले नाव लिहा, हरकत मुदतीत द्या आणि पोच घ्या, शिक्क्यानिशी.