नकाशातला ठिपका आणि आजीचा प्लॉट
(तालुका मेळाव्यातलं भाषण)

आमच्या पाड्यातल्या एका आजीचा वनहक्क दावा परत आला. का? तर उपग्रहाच्या चित्रात २००५ साली तिथं शेती दिसत नाही म्हणे.

जंगल मोजायला वापरतात त्या चित्रात एक ठिपका साडेतेवीस मीटर लांब-रुंद. म्हणजे जवळपास साडेपाच गुंठे! कॉम्प्युटर त्या अख्ख्या ठिपक्याचा एकच रंग वाचतो. आजीच्या प्लॉटात मोहाची झाडं, मध्ये नागली. मोह दिसला की जंगल. नागली उभी असते तेव्हा वर ढग. ढग गेल्यावर चित्र निघतं, तोवर कापणी झालेली, मग पडीक. दोन्हीकडून शेती गायब.

मी बारावी शिकलेली, नकाशाला नावं ठेवत नाही. आपणही जीपीएस घेऊन बांधाबांधानं फिरतोच की. पण २०१२ च्या सुधारित नियमात लिहिलंय, उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून, त्यांच्या बदल्यात नाही. नुसत्या चित्रावर दावा फेटाळला तर लेखी कारण मागा, साठ दिवसांत अपील करा. म्हाताऱ्यांचे जबाब, जुन्या दंडाच्या पावत्या जोडा.

आजीच्या पावत्या छपरात खोचलेल्या डब्यात सापडल्या. तुमचेही डबे उघडून बघा.