ज्या विहिरीचे पाणी

पृथ्वी राहण्याजोगी उरली नाही तर माणसाने मंगळावर वस्ती करावी काय, हा आजचा विषय. मी खगोलशास्त्रज्ञ नव्हे; पलासियात दवाखाना चालवणारा होमिओपॅथ. म्हणून घरच्या विहिरीपासून सुरुवात करतो.

आमच्या जैन घरात आजी विहिरीचे पाणी दुहेरी कापडातून गाळी. गाळून काम संपत नसे. कापडावर अडकलेले सूक्ष्म जीव, म्हणजे जिवाणी, ती गाळलेल्या पाण्याने धुऊन त्याच विहिरीत परत सोडी. वरून ओतायची नाही. बादली दोराने पाण्यापर्यंत न्यायची आणि तिथे अलगद उलटी करायची. ‘दुसऱ्या विहिरीत सोडली तर?’ मी विचारले. ती म्हणाली, ‘ते पाणी त्यांचे नाही. मरतील.’

मंगळाचा हिशेब असाच आहे. तिथे हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्शाहून कमी आणि हवा बहुतांश कार्बन डायऑक्साइडची. सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास, गुरुत्वाकर्षण ३८ टक्के. मातीतले पर्क्लोरेट थायरॉइडला बाधते. शिवाय आपल्या शरीरात स्वतःच्या पेशी जितक्या, साधारण तितकेच जिवाणू असतात. माणूस एकटा जातच नाही. त्याला आपली विहीर सोबत न्यावी लागते.

कुणी म्हणेल, आपले पूर्वजही होळकरांच्या काळात देश सोडून माळव्यात आलेच की. आले, पण इथे हवा होती, काळी माती होती, माणसे होती.

२०१४ साली आपले मंगळयान तिथे पोचले, त्याचा मला अभिमान आहे. मला भीती वाटते ती वेगळीच. १९७० साली इंदूरने नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केले आणि त्या दशकाच्या अखेरीस सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पाणी आले. शहर जगले. पण नळ आल्यावर काही वर्षांनी दवाखान्याची खोली वाढवण्यासाठी मी अंगणातली विहीर बुजवली. ती आटली नव्हती. आजी तेव्हा हयात नव्हती, एवढीच माझी सोय.

दुसरे पाणी मिळाले की पहिले नकोसे होते. मंगळाचे नुसते आश्वासनही तेच करील.

यंदा छताचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय केली आहे. बुजवलेली विहीर त्याने परत येणार नाही. तुमच्यापैकी कुणाच्या जुन्या वाड्यात विहीर उरली असेल, तर आज घरी गेल्यावर तिचे झाकण काढून पाहा.