परका मास्तर, आपली वाडी



औंध संस्थानातला एक पोरसवदा मास्तर पायी चालत माणदेशातल्या एका धनगरवाडीत येतो. नाव राजाराम विठ्ठल सौंदणीकर. वाडीत ओळखीचं एकही माणूस नाही. शाळा आहे, पण शाळेत पोर नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या, १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीची ही सुरुवात. माडगूळकर स्वतः माणदेशचे. पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत त्यांनी कित्येक वर्षे काम केले.

आता, पोरं शाळेत का येत नाहीत? आळस म्हणून नव्हे. पोरगं पाटी घेऊन बसलं तर मेंढरांमागं कोण जाणार, हा रोकडा सवाल असतो. वाडीचा म्हातारा कारभारी मास्तरच्या पाठीशी उभा राहतो, तेव्हा कुठं पोरं येऊ लागतात. मास्तरही लोकांच्या अडीनडीला धावतो. सगळ्यांच्या मेहनतीनं वाडीत तालीम उभी राहते आणि तिच्यासाठी खुद्द औंधचे राजेसाहेब वाडीत येतात.

पण सगळं गोडगोड नाही, बरं का! मास्तरनं कारभाऱ्याच्या अंजीला बाहेरगावाहून चोळी शिवून आणली, एवढ्यावरून म्हाताऱ्याच्या मनात किल्मिष येतं. परक्यावर विश्वास बसायला महिने लागतात. उडायला एक चोळी पुरते.

आणि तो शेकू! त्याचा एक बैल जातो. शेताचं काम तर थांबत नाही. तेव्हा उरलेल्या बैलाच्या जोडीला त्याची बायको खांद्यावर जू घेते. लेखक तिथं हळहळत बसत नाही. दिसलं ते सांगतो. म्हणूनच ते मनातून जात नाही.

शेवटी दुष्काळ पडतो. माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. पोरंच नाहीत तर शाळा कुणाची? मास्तरलाही निघावं लागतं. मग एवढ्या जिव्हाळ्याचा उपयोग काय झाला? पाऊस काही त्यानं पडला नाही. खरं आहे. पण आला तेव्हा या वाडीचं सुखदुःख मास्तरला ठाऊक नव्हतं. जाताना ते त्याचं स्वतःचं झालेलं आहे. माणूस परका उरला नाही, याची खूण हीच.

शिक्षक बंधुभगिनींनो, बदली झाली की गाव कसं आहे, असं आपण विचारतो. गावाला जड काय जातंय, हे आधी विचारावं. हजेरीपटावरचा गैरहजेरीचा शेरा म्हणजे पुष्कळदा एखाद्या घराची अडचण असते. ती वाचायला ही कादंबरी शिकवते.

आणि गावकरी मंडळींनो, पुस्तक फार मोठं नाही. चावडीवर एकानं वाचावं नि दहांनी ऐकावं, अशीच त्याची भाषा आहे. चार संध्याकाळी काढा त्यासाठी.