फिर्याद, पंच आणि शाळेचे रजिस्टर



आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे 1941 च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. त्या काळी वतनदाराला मारहाण झाली तर तो दाद मागावयास गावकीपुढेच जाणार, आणि गावकीत त्याचा आवाज तो कितीसा! पुढे वतने गेली. 1955 चा अस्पृश्यताविरोधी कायदा आला, 1976 मध्ये त्यास नागरी हक्क संरक्षणाचे नाव मिळाले आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा 30 जानेवारी 1990 पासून अंमलात आला. कायदा कडक आहे. तरीही खटले न्यायालयात कोसळतात, ते का?

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीचे स्मरण करा. 2006 साली तेथे एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. 2008 मध्ये सत्र न्यायालयात खून शाबीत झाले. अत्याचार कायद्याखालील आरोप मात्र शाबीत झाले नाहीत, आणि 2010 मध्ये उच्च न्यायालयातही तेच घडले. ‘जातीच्या कारणावरून’ कृत्य घडले, असे तेव्हा सिद्ध करावे लागे. मारणाऱ्याच्या मनातील कारण सिद्ध करणे किती कठीण, हे निराळे सांगावयास नको. 26 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांपुरते हे ओझे हलके केले. पीडित कोणत्या जातीचा आहे हे आरोपीस ठाऊक होते, एवढे आता पुरते. आणि आरोपीची त्या कुटुंबाशी ओळख असेल, तर न्यायालय ते गृहीत धरते.

जातिवाचक शिवीगाळीचे तसे नाही. ती लोकांच्या दृष्टीसमोर घडली पाहिजे. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जागा खाजगी असली तरी बाहेरच्या माणसांना दिसेल-ऐकू येईल असे घडले तर गुन्हा होतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना घडले तर होत नाही, असे 2020 च्या निकालात आले. म्हणून कोणते शब्द उच्चारले, कोठे, कोणासमक्ष, हे पहिल्या फिर्यादीतच उतरले पाहिजे. ‘जातीवरून शिवीगाळ केली’ या मोघम वाक्यावर बचावाचा वकील खूष असतो.

येथे शिक्षकांचा संबंध येतो. फिर्यादी अनुसूचित जातीचा आहे आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही, या दोन्ही गोष्टी पुराव्याने मांडाव्या लागतात. जातीचा दाखला प्रांताधिकारी देतात; पण वाद निघाला की शाळेचे जनरल रजिस्टर साक्षीस येते. पंच म्हणूनही पुष्कळदा सरकारी नोकरच बोलावले जातात. पंचनाम्यावर न वाचता सही करणारे गुरुजी पुढे उलटतपासणीत काय सांगणार?

सरपंचांना एवढेच विनवितो की असे प्रकरण तंटामुक्ती समितीत मिटविण्याच्या भरीस पडू नये. साध्या मारहाणीत तडजोडीस कायद्याने वाव आहे. या कायद्यातील गुन्हा आपसात मिटविता येत नाही. फिर्यादीचे दळण बंद, मजुरी बंद, किराणा बंद, हा तर स्वतंत्र गुन्हा आहे, आणि साक्षीदार फितूर होतात ते बहुधा याच वाटेने. तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, पण साक्षीदाराला रोज गावातच राहावयाचे असते.

आणखी एक. आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना पीडितास मिळण्याचा व तेथे म्हणणे मांडण्याचा हक्क कलम 15-अ ने दिला आहे. ही नोटीस पुष्कळांना वाचता येत नाही. ती घेऊन कोणी ग्रामपंचायतीत किंवा शाळेत आला, तर तारीख पाहून त्याच दिवशी त्याला समजावून द्यावी.