अस्सी : एका छोट्या नदीचा भूगोल

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणेशोत्सवात व्याख्यान म्हटले की संतसाहित्य किंवा इतिहास हे विषय ठरलेले असतात. कार्यकर्त्यांनी मला मात्र भूगोलावर बोलायची मोकळीक दिली, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. आपल्यापैकी काहींची घराणी दुर्गाघाट-ब्रह्माघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. बाकीचे आपण विद्यापीठात किंवा रेल्वे इंजिन कारखान्यात नोकरीसाठी आलो आणि काशीकर झालो. गंगेवर आपण सगळेच भरभरून बोलतो. आज मी बोलणार आहे तिला मिळणाऱ्या जेमतेम आठ किलोमीटर लांबीच्या अस्सीबद्दल.

आधी जमीन पाहू. काशीत गंगा उत्तरेकडे वळते आणि शहर त्या वळणाच्या बाहेरच्या काठावर आहे. हा काठ घट्ट चिकणमातीचा आणि कंकराचा, म्हणून उंच आणि टिकाऊ आहे. समोरच्या काठावर नुसती वाळू. आता गंमत अशी, की घाटामागची जमीन सर्वांत उंच आणि शहर तिथून पश्चिमेकडे उतरत जाते. त्यामुळे पावसाचे सगळे पाणी सरळ गंगेत जात नाही. ते मागच्या सखल भागात साठायचे, त्यातून कुंडे आणि तळी भरायची आणि जास्तीचे पाणी ओढ्यांवाटे वाट काढायचे. जेम्स प्रिन्सेपने १८२२ साली केलेल्या शहराच्या नकाशात ही तळी दिसतात. त्यातली बरीचशी पुढे बुजली. दशाश्वमेधाकडे वाहणाऱ्या अशाच एका पावसाळी ओहोळाला गोदावरी म्हणत. गोदौलिया चौकाचे नाव त्यावरूनच आले असे मानतात. आपल्या नाशिकच्या गोदेची ही धाकटी बहीण आता रस्त्याखाली आहे!

या रचनेच्या उत्तर टोकाला वरुणा आणि दक्षिण टोकाला अस्सी. वरुणा साधारण शंभर किलोमीटर लांब, अस्सी तिच्यापुढे अगदीच लहान. दोन्ही नावे मिळून वाराणसी झाले, ही व्युत्पत्ती सर्वांना माहीत आहे. काही अभ्यासक हे नाव एकट्या वरुणेवरून आले असे मानतात. पण क्षेत्राची दक्षिण सीमा अस्सी, याबद्दल परंपरेत दुमत नाही. शुंभ-निशुंभांच्या वधानंतर दुर्गेने टाकलेल्या तलवारीने, म्हणजे ‘असी’ने, हा प्रवाह कोरला अशी कथा आहे. काही जुन्या ग्रंथांत हिला ‘शुष्क’ नदी म्हटले आहे. म्हणजे उन्हाळ्यात आटणे हा हिचा मूळ स्वभावच. आटते म्हणून ती नदी नाही, असे जुन्या लोकांना कधी वाटले नाही.

पंचक्रोशी केलेल्यांना कंदवा ठाऊक असेल. कर्दमेश्वर हा यात्रेतला पहिला मुक्काम. त्याच बाजूच्या सखल भागातून अस्सी निघते. चितईपूर, करौंदी, सुंदरपूर असे करत ती साकेतनगर आणि संकटमोचन मंदिराजवळून गंगेकडे येते. तिच्या मुखाजवळ तुलसीदासांचे वास्तव्य होते, आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान भदैनी तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

आता मुख्य मुद्दा. अस्सी अस्सीघाटापाशी गंगेला मिळत असे. १९८० च्या दशकात गंगा स्वच्छतेच्या कामात तिचे मुख हलवून थोडे वर, दक्षिणेला नगव्याजवळ नेले. घाटावर घाण पाणी येऊ नये हा हेतू चांगलाच होता. पण संगम म्हणजे केवळ दोन रेषांचा छेद नव्हे. छोटा प्रवाह मोठ्या नदीत शिरतो तिथे पाण्याची गती आणि दिशा बदलते, काठाजवळचा गाळ हलता राहतो. मुख हलल्यावर अस्सीघाटावर गाळाचे ढीग साचू लागले आणि पाणी पायऱ्यांपासून दूर गेले. संगम हलवणे हे त्याचे एक मोठे कारण असल्याचे इथल्या नदीतज्ज्ञांनी वारंवार सांगितले आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी पंतप्रधानांनी याच घाटावर कुदळ हाती घेतली ती हा गाळ काढण्यासाठी. त्यानंतर गाडलेल्या पायऱ्या मोकळ्या झाल्या.

दुसरी गोष्ट पुराची. हिवाळ्यातल्या पातळीपेक्षा पावसाळ्यात गंगा दहा मीटरहून अधिक चढू शकते. तेव्हा अस्सीचे पाणी गंगेत जात नाही, गंगाच अस्सीत शिरते आणि पाणी उलटे वर चढते. म्हणून गंगेपासून दूर असलेल्या वसाहतींतही होड्या चालवाव्या लागतात. इथली धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत गेले होते, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या अडीच मीटरहून वर. अस्सीच्या दोन्ही काठांची मोकळी जमीन म्हणजे या पाण्याची पसरायची जागा. तिथे भराव टाकून घरे झाली, पण पाणी आपली जागा विसरत नाही. निवृत्तीनंतर काशीतच राहायचे म्हणून त्या भागात जागा पाहणाऱ्या सहकाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. कागदपत्रे तपासाल तशी १९७८ ची पातळीही तपासा. शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, पाणी कुठवर आले होते?

तिसरी गोष्ट शब्दाची. आज कुणालाही पत्ता विचारा, उत्तर येते, ‘अस्सी नाला’. हिंदीतल्या या शब्दाला आता गटाराचाच वास आहे. आपल्या मराठीत ओढा आहे, ओहोळ आहे, कोकणात पऱ्ह्या आहे. लहान पाण्याला मान देणारे शब्द आपल्याकडे आहेत. नाला म्हटले की त्यात कचरा टाकताना हात अडखळत नाही, नदी म्हटले की अडखळतो. नमामि गंगे योजनेत रमना येथे रोज पाच कोटी लिटर क्षमतेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र झाले, ते चांगलेच आहे. पण यंत्र पाणी स्वच्छ करील, नदीला तिची तळी आणि तिचे काठ परत देणार नाही. ते काम नगररचनेचे आणि आपल्यासारख्या रहिवाशांचे आहे.

आपण काय करू शकतो? मूर्ती शाडूची, निर्माल्य खतासाठी, हे तर आपण बोलतोच. त्यात एक भर घाला. या हिवाळ्यात एखाद्या रविवारी मुलांना घेऊन कंदव्यापासून नगव्यापर्यंत अस्सीच्या काठाने चाला. फार तर अर्धा दिवस लागेल. पाणी कुठे काळे होते, काठ कुठे नाहीसा होतो, हे मुले स्वतः पाहतील. पाठ्यपुस्तकातला ‘उपनदी’ हा शब्द त्यांना त्या दिवशी समजेल. आपण या शहरात बाहेरून आलो, शहराने आपल्याला सामावून घेतले. त्याच्या नावातली अर्धी नदी पुढच्या पिढीला नदी म्हणून ओळखता यावी, एवढे तरी आपण करू या.

 गणपती बाप्पा मोरया!